गडावर एकटं येणारं नवं माणूस पुन्हा का येत नाही? या चुका टाळा

आमचा ग्रुप साधाच. रविवारी पहाटे सिंहगड चढायचा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं, दुपारच्या आत घरी. फी नाही, नियम नाहीत. तरी एकटी आलेली बरीच माणसं पहिल्या रविवारनंतर दिसेनाशी व्हायची. आम्ही म्हणायचो, चढ झेपला नसेल! चढाचा काही दोष नव्हता.

पहिली चूक ‘पायथ्याला भेटू’ या निरोपातच. आपल्यासाठी पायथा म्हणजे आतकरवाडी. नवखा नकाशा बघून घाटरस्त्याने गाडी थेट वरच्या गाडीतळावर नेतो आणि तिथून फोन करत बसतो. आतकरवाडीत अमुक टपरीसमोर, सहा वाजता, असं नेमकं सांगा. आदल्या रात्री एकाने फोनही करावा. ‘नव्याकडे सगळ्यांनी लक्ष द्या’ असं ठरलं की कुणीच देत नाही, म्हणून त्या दिवसापुरतं एकाचं नाव ठरवा.

भेटल्यावर गोल करून ‘आता तुम्ही सांगा स्वतःबद्दल’ हा प्रकार नको. ‘आडनाव काय? मूळचे कुठले?’ ही चौकशीही नको. आडनावावरून आपल्याकडे काय काय चाचपलं जातं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. ‘गुडघे काय म्हणतात? पाणी पुरेसं घेतलंय ना?’ एवढ्यावरही गप्पा सुरू होतात.

सगळ्यात मोठी चूक चढावर होते आणि करणाऱ्याला ती चांगुलपणा वाटते. पुढचे भराभर चढतात, झाडाखाली थांबतात, लिंबू सरबत पितात. मागून नवखा धापा टाकत पोचतो, की ‘आले? चला!’ म्हणून सगळे उठतात. म्हणजे विश्रांती त्यांची झाली, याची नाहीच. असं तीनदा झालं की माणूस ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणतो, आणि आपण खरंच पुढे होतो. शेवटचा पोचल्यावर पाच मिनिटं मोजायची, मगच निघायचं. जुन्यांपैकी एकाने कायम त्याच्या मागे राहायचं. तेही ‘तुमच्यामुळे थांबलोय’ असा चेहरा न करता, फोटो काढत, रमतगमत.

जुन्या ट्रेकचे किस्से निघणारच. निघू द्या, पण ज्याच्यावर सगळे हसतायत तो कोण आणि त्याने काय केलं होतं, हे दोन वाक्यांत नव्याला सांगा. नाहीतर तो बिचारा उगाच हसतो.

वर जेवताना ‘तुम्ही पहिल्यांदा आलात, पैसे राहू द्या’ यावर आमच्यात अजून वाद आहे. माझं मत, त्याची वर्गणी घ्या. पाहुणा एकदाच येतो.

बाई एकटी आली असेल तर तिला न विचारता तिचा नंबर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तो एका क्षणात सगळ्यांच्या फोनवर जातो. परतीला कुणाच्या गाडीत जागा आहे हे सगळ्यांसमोर सांगा आणि निवड तिच्यावर सोडा. पीएमपीच्या बसने जाते म्हणाली, तर आग्रह नको.

आणि पुढच्या गुरुवार-शुक्रवारी नाव घेऊन एकच मेसेज: ‘रविवारी येताय का? सहाला, त्याच टपरीसमोर.’ उत्तर नाही आलं तर दुसरा पाठवायचा नाही.