मोनॅकोची रेस बघायला चाललात? मग या चुका टाळा

दिवाळी आटोपली की माझ्यासारख्या सहली आखणाऱ्यांना फोन सुरू होतात. "यंदा फॉर्म्युला वनची मोनॅको ग्रां प्री करायचीच आहे. सगळ्यात भारी पॅकेज कुठलं?" लोकांची हौस मला मान्य आहे, पैसे त्यांचे आहेत. पण सुरुवातच चुकीच्या प्रश्नाने होते. मोनॅको हा अख्खा देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा. त्यात ३.३३७ किलोमीटरचा ट्रॅक, तोही रोजच्या वापरातल्या रस्त्यांवर आखलेला. रस्ता डोंगरावर चढतो, कॅसिनोसमोरून वळतो, बोगद्यात शिरतो आणि बंदराला वळसा घालून परत येतो. अशा ठिकाणी पन्नास पावलं इकडे की तिकडे, यावर तुम्हाला रेस दिसणार की समोरच्या इमारतीची भिंत, हे ठरतं. म्हणून 'सगळ्यात भारी काय' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'तिथे बसून नेमकं काय दिसतं?'

हा प्रश्न न विचारता सगळ्यात जास्त पैसे जातात ते यॉटवर.

टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून दिसणारं ते दृश्य सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. निळं पाणी, पांढऱ्या बोटी, कडेने सुसाट जाणाऱ्या गाड्या. त्यामुळे यॉट म्हटली की ट्रॅकला चिकटलेलीच, असा समज होतो. प्रत्यक्षात पोर्त एर्क्यूल या बंदराच्या सगळ्या बाजूंना ट्रॅक नाही. बोगद्यातून बाहेर पडल्यावर लागणाऱ्या शिकेनपासून, म्हणजे नागमोडी वळणापासून, तबाकच्या वळणापर्यंतचा उत्तरेचा धक्का आणि पुढे स्विमिंग पूलकडचा भाग, एवढ्याच बोटींना ट्रॅक खरा समोर असतो. दक्षिणेकडच्या धक्क्यावर किंवा बाहेरच्या बांधाला लागलेल्या बोटीवरून दुसऱ्या बोटी दिसतात. आणि बंदराबाहेर नांगर टाकून उभी असेल, तर रेस ऐकायची, बघायची नाही.

पुण्यातल्या एका उद्योजक मंडळींच्या ग्रुपची गोष्ट सांगतो. मी त्यांना रविवारसाठी बंदराकडच्या के स्टँडच्या वरच्या रांगा सुचवल्या होत्या. "स्टँडमध्ये काय बसायचं, आपण काय मॅच बघायला चाललोय का?" असं म्हणून त्यांनी परस्पर एका ऑनलाइन विक्रेत्याकडून यॉटचं पॅकेज घेतलं. माहितीपत्रकावर 'रेस व्ह्यू यॉट' असं छापलेलं, फोटोही झकास. बर्थ कुठला, म्हणजे बोट धक्क्याला नेमकी कुठे लागणार, हे कागदावर कुठेच नव्हतं. मी म्हटलं, पैसे भरायच्या आधी बंदराच्या नकाशावर खूण करून मागा. ते म्हणाले, एवढी मोठी कंपनी आहे, असं कसं फसवेल?

रविवारी सकाळी मंडळी पोचली. बोट सुंदर होती, शँपेन थंड होती. शिडीच्या तोंडाशी एक वेताची टोपली ठेवलेली. सागवानी डेकवर ओरखडे पडू नयेत म्हणून बूट-चपला तिथेच उतरवायच्या, हा यॉटवरचा साधा रिवाज. तो यांना कुणी सांगितलेला नव्हता. खास या दिवसासाठी घेतलेल्या हिल्स टोपलीत गेल्या आणि एका साहेबांच्या मोज्यातून डाव्या पायाचा अंगठा बाहेर डोकावत असलेला सगळ्या ग्रुपने पाहिला. इथवर हसण्यावारी गेलं. मग डेकवर जाऊन बघतात तर पुढे डोलकाठ्यांचं रान. बोट दक्षिणेच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत. ट्रॅक कुठाय म्हणून विचारलं, तर होस्टेसने हसून आतल्या बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीकडे हात केला. रेसचे अठ्ठ्याहत्तर लॅप, म्हणजे फेऱ्या, मंडळींनी टीव्हीवर बघितले, जे घरी सोफ्यावर संध्याकाळी साडेसहाला जवळजवळ फुकटात दिसले असते. तक्रार केल्यावर उत्तर आलं की 'रेस व्ह्यू'मध्ये स्क्रीनचाही समावेश आहे.

तेव्हा यॉट घ्यायचीच असेल, तर मी तीन गोष्टी लेखी घेतल्याशिवाय एक पैसाही पुढे सरकवत नाही. बर्थची जागा, नकाशावर खूण करून. पाहुण्यांनी नेमकं कुठल्या डेकवर उभं राहायचं, कारण खालच्या डेकवरून कुंपणाच्या जाळीतून फक्त रंगाचा एक फटकारा जातो. आणि गाड्या ट्रॅकवर असताना चढण्या-उतरण्याची सोय काय. ट्रॅककडेच्या बोटीवर एकदा गेलात की मनात आलं तेव्हा बाहेर पडता येत नाही. विक्रेता 'जागा शेवटच्या आठवड्यात कळते' म्हणाला, तर खुशाल फोन ठेवा.

बाल्कनीचंही हेच. सँत देव्होतच्या वळणावरच्या किंवा बंदरासमोरच्या इमारतींमधले फ्लॅट त्या वीकएंडला भाड्याने मिळतात, वरून अर्धा ट्रॅक दिसतो, जेवणखाणही असतं. मला विचाराल तर यॉटपेक्षा केव्हाही बरं. मात्र कठड्याची लांबी किती आणि माणसं किती हे विचारा. पाच फुटांच्या कठड्याला पंचवीस माणसं लावली, की मागच्या रांगेतले पुन्हा टीव्हीच बघतात.

पैसे वाचवायचे असतील तर शुक्रवारी वाचवा. त्या दिवशी फॉर्म्युला वनचा नुसता सराव असतो, तिकिटं बरीच स्वस्त असतात. मी शुक्रवारी लोकांना कॅसिनोच्या चौकातल्या बी स्टँडला पाठवतो, शनिवार-रविवारी खाली बंदराकडे के किंवा पिटसमोरच्या (जिथे गाड्यांचे टायर बदलतात) टी स्टँडला. तिन्ही दिवस एकाच खुर्चीत बसण्यात काय अर्थ आहे? ल रोशे या टेकडीवरच्या उताराचं तिकीट सगळ्यात स्वस्त असतं आणि तिथून ला रास्कासचं वळण छान दिसतं. पण पहाटे जाऊन जागा धरायची तयारी हवी. लक्झरी ट्रिपवाले तिथे दोन तासांत वैतागतात.

शनिवारी शॉपिंग

"रेस तर रविवारी आहे, शनिवारी शॉपिंगला कान शहरात जाऊन येऊ." हे ऐकलं की मला कपाळावर हात मारावासा वाटतो. मोनॅकोत ओव्हरटेक करायला जागाच नाही. २०२४ साली पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने शेवटी आले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं तोवर झालं नव्हतं. मोनॅकोचाच शार्ल लक्लेर्क पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढून निघाला आणि घरच्या रस्त्यांवर जिंकला. कुणी कितव्या जागेवरून सुटायचं हे शनिवारच्या क्वालिफाइंगमध्ये ठरतं, म्हणजे त्याचा निकाल खरं तर शनिवारीच लागला होता. क्वालिफाइंगचा तो तासभर म्हणजे खरी मोनॅको. २०२५मध्ये लँडो नॉरिसने १ मिनिट ९.९५४ सेकंदांत लॅप मारला. स्विमिंग पूलच्या वळणावर टायर बॅरियरला इतक्या जवळून जातात की आपणच खुर्चीत आक्रसून बसतो.

त्याच वर्षी शनिवारी बंगळुरूच्या कुश मैनीने एफटूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या स्पर्धेची, छोटी 'स्प्रिंट' रेस जिंकली. मोनॅकोत भारतीय ड्रायव्हर एफटू रेस जिंकतो आणि आपले लोक तेव्हा जवळच्या नीस शहरातल्या मॉलमध्ये परफ्यूम हुंगत असतात. ज्याची त्याची आवड!

रविवारी स्वतः गाडी चालवत जाणं

ही माझी दुसरी लाडकी चूक. सिनेमातल्यासारखी उघड्या टपाची गाडी भाड्याने घ्यायची, कोर्निशच्या डोंगरी रस्त्याने वारा खात जायचं आणि कॅसिनोसमोर उतरायचं. कॅसिनोसमोरचा तो रस्ता म्हणजेच ट्रॅक आहे, हे निघताना कुणाच्याच लक्षात येत नाही.

एका जोडप्याला मी परोपरीने सांगितलं होतं की रविवारी ट्रेनने जा. साहेब म्हणाले, "एवढे पैसे घालून लोकलने जायचं का?" अकराच्या सुमारास ते लाल कन्व्हर्टिबल घेऊन जवळच्या एझ गावाहून निघाले. मोनॅकोच्या अलीकडेच पोलिसांनी वळवलं. वरच्या अंगाला बोसोलेय हे फ्रान्समधलं गाव मोनॅकोला अगदी खेटून आहे, तिथल्या गल्ल्यांत दीड तास पार्किंग शोधण्यात गेला. मग गुळगुळीत तळव्यांच्या लोफर्समध्ये पायऱ्यांमागून पायऱ्या उतरत खाली आले, तर आले ते ट्रॅकच्या चुकीच्या बाजूला. पलीकडे जायचा पादचारी पूल कुठे, तर गर्दीतून परत मागे. बाईसाहेबांनी तिथूनच मला फोन लावला, "अहो, आमचं स्टँड समोर दिसतंय हो, पण मध्ये रेस आहे!" खुर्चीवर टेकले तेव्हा सुरुवात होऊन गेली होती. आणि मोनॅकोत सुरुवात चुकली की पुढे फारसं काही घडेलच याची खात्री नसते.

नीसहून मोनॅको ट्रेनने साधारण पंचवीस मिनिटं. स्टेशन डोंगराच्या पोटात आहे आणि त्याचा एक दरवाजा थेट सँत देव्होतच्या बाजूला, म्हणजे पहिल्याच वळणापाशी उघडतो. सकाळी नवाच्या आत पोचा. गर्दी असते, पण दादरला साडेआठची फास्ट पकडलेल्या माणसाने तिचं कौतुक करू नये. परतताना रेस संपल्या संपल्या स्टेशनकडे धावायचं नाही. संध्याकाळी रस्ते पुन्हा खुले होतात, ट्रॅकवरून चालत हिंडता येतं, वळणाकडेच्या रंगीत कर्बवर उभं राहून फोटो काढता येतात. जेवून निवांत निघा. तिकिटावरचा स्टँड डोंगराच्या कुठल्या बाजूला आहे आणि तिकडे कुठल्या दरवाजाने बाहेर पडायचं, हे आदल्या दिवशी पायी जाऊन बघून ठेवा. मोनॅकोत चढ-उतारासाठी रस्त्यातच सार्वजनिक लिफ्ट आहेत, फुकट आहेत. त्या माहीत असल्या की गुडघे वाचतात. गाडीची हौस सोमवारी भागवा, रस्ते मोकळे असतात.

हेलिकॉप्टर? जरूर घ्या. नीस विमानतळावरून सात मिनिटं लागतात, वरून किनारा अप्रतिम दिसतो. मात्र ते फोंव्हिएला, टेकडीच्या पलीकडे उतरतं, बॅगांना मर्यादा असते, आणि तिथून स्टँडपर्यंत करोडपतीलाही पायीच जावं लागतं.

आता बाकीच्या चुका भराभर.

जुने लेख वाचून मेच्या शेवटच्या आठवड्याची विमानं काढू नका. २०२६पासून ही रेस जूनच्या सुरुवातीला सरकली आहे. आधी अधिकृत तारीख, मग तिकीट.

मोनॅकोचा वेगळा व्हिसा शोधत बसू नका. फ्रान्सचा शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सुट्ट्यांमुळे अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते, आणि नेमके तेव्हाच लोक जागे होतात. वरातीमागून घोडं. यॉट बुक, हॉटेल बुक, पैसे परत न मिळणारे, आणि पासपोर्ट अजून कपाटात. मी जानेवारीतच कागद गोळा करायला लावतो, लोक कटकट करतात, करू देत.

मोनॅकोतली हॉटेलं त्या वीकएंडला एक-दोन रात्रींसाठी खोली देत नाहीत, तीन-चार रात्री घ्याव्याच लागतात. बजेट करताना रात्रीचा दर बघून खूश होऊ नका. नावाच्या मोहाने कानला राहू नका, तिथून ट्रेनला तासाहून जास्त लागतो. नीस सोयीचं. माझा स्वतःचा कल मेंटनकडे. इटलीच्या बाजूचं शांत गाव, ट्रेनने अगदी जवळ.

परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा कर, वसूल केला जातो. नंतर तो आयकरात वळता करून घेता येतो, पण भरताना खिशातूनच जातो. तुमच्या सीएला आधी विचारा, मला रात्री अकराला नको.

स्टँडला छप्पर नसतं. टोपी आणि सनस्क्रीन घ्या, पाऊस आलाच तर रेनकोट. छत्री उघडलीत तर मागचे लोक फ्रेंचमध्ये तुमचा उद्धार करतील. लहान मुलांना कानाला लावायचे मफ घ्याच. संध्याकाळी कॅसिनोत जायचं तर नीटनेटके कपडे आणि मूळ पासपोर्ट, फोटोकॉपी चालत नाही.

रविवारी रात्रीचं परतीचं विमान काढू नका. मुंबईला नीसहून थेट विमान नाहीच, दुबई किंवा पॅरिससारखं कुठेतरी बदलावं लागतं, आणि एक जोड चुकली की पुढचं सगळं कोलमडतं. मंगळवारचं घ्या.

शाकाहारी असाल तर खाकऱ्याने बॅग भरण्याआधी हे ऐका. नीसला सोक्का मिळतो, चण्याच्या पिठाचं ऑलिव्ह तेलातलं धिरडंच ते, वरून मिरपूड. मोनॅकोचा बारबाजुआं म्हणजे पालेभाजी आणि चीज भरून तळलेली करंजी. सोक्का बिनधास्त खा, बारबाजुआंमध्ये अंडं असू शकतं, ते विचारून घ्या. मात्र पिसालादिएर नावाचा कांद्याचा टार्ट दिसायला निरुपद्रवी असतो आणि त्यात अँचोव्ही मासे असतात. बेकरीवाला आपणहून सांगणार नाही. "सां पुआसाँ?" असं विचारा, म्हणजे मासा नाही ना.