एका दिवसात दौलताबाद-वेरूळ: आधी किल्ला, मग लेणी

दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात, पण क्रम चुकला की दोन्ही अर्धवट राहतात. बहुतेक मंडळी सकाळी थेट वेरूळ गाठतात आणि परतताना भर उन्हात किल्ला चढायला घेतात. मग चिनी महालापाशीच पाय बोलायला लागतात. शिवाय वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, सकाळी आत उजेड कमीच. म्हणून किल्ला आधी.

वार बघूनच निघा. मंगळवारी वेरूळ बंद असतं. श्रावणी सोमवार नि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराची गर्दी, तर श्रावणी शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची. त्या दिवशी रस्त्यात तास-दोन तास सहज जातात.

संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद-कन्नडकडची एसटी धरा. दौलताबाद साधारण 15 किलोमीटर. किल्ला उघडतानाच दारात हजर राहा. माणशी दोन लिटर पाणी खालीच घ्या, वर मिळेल या भरवशावर राहू नका. चाँद मिनार, भारतमाता मंदिर, मेंढा तोफ हा सगळा सपाटीचा भाग उतरताना बघा; गारव्यात चढण उरकायची.

खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी लागते. कातळात कोरलेला हा वळणावळणाचा भुयारी जिना शत्रूला चकवण्यासाठीच केलेला, त्यामुळे पायऱ्या एकसारख्या नाहीत. वटवाघळांच्या विष्ठेने त्या निसरड्याही होतात. टॉर्च पायरीवरच धरा, छताकडे मारला की वटवाघळं उठतात. एक हात भिंतीला ठेवा. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. पुढे माथ्याजवळच्या बारादरी महालापर्यंत जमलं तरी चढाईचं चीज झालं.

बाराच्या सुमारास उतरून फाट्यावरून वेरूळची गाडी पकडा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी सोबत असली तर जेवणात वेळ जात नाही. डबा मात्र माकडांपासून सांभाळा.

वेरूळला 34 लेणी आहेत: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. सगळी बघायच्या नादात कैलास घाईत उरकला जातो, ते करू नका. जैन लेणी लांब आहेत. वाहनाने जाऊन 32 नंबरची इंद्रसभा आधी बघून या. मग 10 नंबरचं विश्वकर्मा लेणं: कातळात कोरलेल्या छताच्या वासे-फासळ्या आणि दुपारचा उजेड आत घेणारी दर्शनी खिडकी. तीनमजली 12 नंबर वेळ असेल तर.

चारनंतरचा सगळा वेळ 16 नंबरला, म्हणजे कैलासला. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम, एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेलं. आधी अंगणातून फेरी मारा. पाठीवर मंदिर पेलणारे हत्ती आणि दक्षिण बाजूला कैलास हलवणारा रावण नीट बघा. मग बाहेर येऊन, मंदिराकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला येणाऱ्या पायवाटेने डोंगरावर चढा. मंडपाच्या छतावरचे चार सिंह दिसतात, आणि कोरणाऱ्यांनी सुरुवात कुठून केली तेही तिथूनच उमगतं. पावसाळ्यात ही वाट घसरडी असते, कड्यापासून लांब राहा.

लेणी सूर्यास्ताला बंद होतात. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवा.