दगडी रिटेनिंग वॉल बांधताय? या चुका टाळा

उतारावरच्या बागेत माती अडवायला दगडी भिंतीइतकं देखणं दुसरं काही नाही, आणि घोळ नेमका त्या देखणेपणातच होतो. दगडाचा रंग, पोत, दर्शनी जुळणी यांवर घरमालक दिवसच्या दिवस घालवतात. भिंत आत किती जाड, मागे काय भरायचं, पाणी कुठून बाहेर पडणार, हे मात्र काम करणाऱ्यावर सोपवून मोकळे होतात. ढासळलेल्या भिंतीचा दगड बहुतेक वेळा उत्तमच असतो. दोष मागच्या, कधीच न दिसणाऱ्या भागात असतो.

पाण्याला वाट न ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोरड्या मातीचा रेटा बेताचा असतो. तीच माती पाण्याने भरली आणि ते पाणी मागे अडून राहिलं, की भिंतीवरचा एकूण रेटा दुपटीपेक्षा जास्त होतो. नुसत्या पाण्याचा हिशेब पाहा. 1 मीटर उंच भिंतीमागे काठोकाठ पाणी साचलं, तर दर मीटर लांबीवर जवळजवळ 500 किलो वजनाइतका रेटा येतो. उंची 2 मीटर असेल तर तोच रेटा 2 टनांवर जातो. म्हणजे उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. "आलोच आहोत तर अजून दोन फूट चढवून टाकू" असं कुणी म्हणालं, तर हा हिशेब आठवावा.

उपाय साधा आहे, पण तो भिंतीबरोबरच वर चढवावा लागतो. मागाहून करता येत नाही. भिंतीच्या पाठीला लागून निदान 30 सेंटिमीटर रुंदीची कोनदार, चुरा नसलेली खडी भरायची. 20 ते 40 मिलिमीटरची खडी चालते. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं) लावायचं, नाहीतर बारीक माती हळूहळू खडीत शिरते आणि निचरा बंद पडतो. तळाशी 100 मिलिमीटर व्यासाचा छिद्रांचा पाइप, छिद्रं खाली करून, मीटरला 1 सेंटिमीटर उतार देऊन टाकायचा. हा पाइप अनेक ठिकाणी असतो; फक्त त्याचं दुसरं टोक मातीतच संपलेलं असतं. पाइपाचं तोंड कुठे उघडतं ते बोट दाखवून विचारा. उत्तर मिळालं नाही तर पाइप नाहीच असं समजा.

वरचं पाणी खडीत उतरू नये याचीही सोय हवी. खडीच्या थरावर कापड, त्यावर 15-20 सेंटिमीटर चिकण माती दाबायची आणि भिंतीच्या थोडं मागे उथळ चर काढून पाणी बाजूला वळवायचं. छताच्या पन्हाळीचं पाणी भिंतीमागे सोडलेलं असेल, तर वर लिहिलेली सगळी काळजी फुकट.

ही काही आजची अक्कल नाही. पेरू देशातल्या माचू पिचू या इंका लोकांच्या डोंगरी वस्तीतल्या 15व्या शतकातल्या पायऱ्या-शेतांत भिंतींमागे तळाशी दगड, त्यावर बारीक खडी आणि वाळूसारखी भर, आणि सगळ्यात वर कसदार माती असे थर आढळले आहेत.

सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीला तर सांध्यांतून पाणी झिरपायलाही जागा नसते. तिथे तळाजवळ 75 ते 100 मिलिमीटरचे पाइप दर दीड-दोन मीटरवर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन सोडावे लागतात, आणि त्यांच्या आतल्या तोंडाशी खडी लागते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे मुळात कोरडी, म्हणजे सिमेंट-चुन्याशिवाय, रचलेली भिंत "जरा पक्की दिसावी" म्हणून नंतर समोरून सिमेंटने दर्जा (दगडांमधल्या फटी) भरून बंद करणं. चांगल्या चालत्या भिंतीला असं बिघडवणं मला कधीच कळलेलं नाही. फटींतून गवत येत असेल तर उपटावं. फटी बुजवू नयेत.

ओळंब्यात सरळ उभी भिंत

घराची भिंत ओळंब्यात, म्हणजे दोरीला वजन टांगून तपासलेली अगदी सरळ उभी, हवी. माती अडवणारी भिंत मातीकडे झुकलेली हवी. 1834 साली बर्गॉइन या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने आयर्लंडमध्ये 20 फूट उंचीच्या चार कोरड्या दगडी भिंती बांधून त्यांच्यामागे माती भरून पाहिली. चारही भिंतींत दगड सारखाच लागला होता. वेगळा होता तो फक्त आकार. मातीकडे झुकलेली भिंत टिकली, दर्शनी बाजूने तिरकी आणि तळाशी जाड असलेली भिंतही टिकली. वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची सरळ उभी भिंत आणि समोरून उभी, पण पाठीमागून तिरकी भिंत, या दोन्ही, मागची मातीची भर 17 फुटांच्या आसपास आल्यावर, कोसळल्या.

घरच्या कामासाठी यातून निघणारा नियम असा: कोरड्या रचाईत तळाची जाडी उंचीच्या निम्मी तरी ठेवा, माती चिकण किंवा सैल असेल तर त्याहून जास्त. माथ्याला 30 सेंटिमीटरपेक्षा कमी नको. दर्शनी बाजूला दर फुटाला दीड-दोन इंच मागे झोक द्या. नजरेवर भरवसा न ठेवता दोन टोकांना लाकडी चौकटी त्या झोकात ठोकून त्यांना दोरी बांधा आणि दर थराला ती वर सरकवत न्या.

दगड नुसता रंगावर निवडणं

नदीतले गुळगुळीत गोटे फोटोत छान दिसतात, पण भिंतीसाठी जवळजवळ निरुपयोगी. त्यांना बैठकच नसते. दोन बाजू तरी सपाट असलेला, कोनदार डबर (ओबडधोबड फोडलेला दगड) किंवा खांडकी (साधारण घडवलेला दगड) घ्या. हातोडीने ठोकून पाहा: टणक दगड खणखणीत वाजतो, चिरलेला किंवा आतून झिजलेला भद्द आवाज करतो. पापुद्रे सुटणारा, नखाने खरवडला तर भुकटी होणारा दगड भरीसाठीही नको.

वालुकाश्म, शेल, काही चुनखडक असे थरांचे दगड खाणीत जसे आडवे होते तसेच भिंतीत बसवावेत. उभे लावले की थरांत पाणी शिरतं आणि समोरचा पापुद्रा सुटतो. मऊ दगडात कडक सिमेंटचा मसालाही घातकच. ओल सांध्यातून निघू न शकल्याने दगडातूनच निघते आणि सांधा शाबूत राहून दगड झिजतो. अशा ठिकाणी चुन्याचा मसाला बरा.

मागणीचा अंदाज दर्शनी चौरस मीटरवर काढला की हमखास चुकतो. 10 मीटर लांब, 1 मीटर उंच, सरासरी 45 सेंटिमीटर जाड भिंत म्हणजे साडेचार घनमीटर. घनमीटरला साधारण 2 टन दगड धरा. 9 टन होतात, शिवाय तोडफोडीत जाणारा दहावा हिस्सा वेगळा. दगड आला की आधी जमिनीवर पसरून वेगळा करा. सगळ्यात मोठे पायासाठी, लांब दगड आरपार घालायला, रुंद सपाट दगड माथ्यासाठी. ढिगातून हाताला येईल तो उचलणाऱ्याकडे शेवटी माथ्याला घालण्याजोगा दगड उरत नाही.

रचाईतल्या चोऱ्या

पहिली चोरी म्हणजे लांब दगड भिंतीच्या लांबीला समांतर लावणं. दर्शनी भाग झपाट्याने भरतो, काम वेगाने झाल्यासारखं वाटतं, पण भिंत म्हणजे नुसतं पातळ आवरण उरतं. दगड फडताळातल्या पुस्तकासारखा बसला पाहिजे: अरुंद कड बाहेर, लांबी आत.

दुसरी, उभे सांधे एकावर एक आणणं. एका दगडावर दोन आणि दोनांवर एक हा क्रम सोडला की तिथे वरपासून खालपर्यंत चीर तयार होते. उंचीच्या मध्यावर दर मीटरला एक तरी लांब दगड आरपार, पाठीमागच्या भरीत घुसलेला हवा. दगड हलत असेल तर कपची मागून ठोका. समोरून ठोकलेली कपची काही महिन्यांत निसटून खाली पडते.

तिसरी चोरी पोटातली. दर्शनी दगड आणि मागचे दगड यांच्यामधली पोकळी माती किंवा चुऱ्याने भरून टाकली जाते. माती पुढे धुऊन जाते आणि मग दगड आत बसतात. छोटे दगड हाताने, एकेक करून, थर चढेल तसे घट्ट बसवायचे. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

मागची माती 15-20 सेंटिमीटरच्या थरांनी धुमसून भरा. भिंतीलगत हाताचा धुम्मसच (माती ठोकून दाबायचं अवजार) वापरा. जड यंत्र मीटरभर लांब राहू द्या.

पाया आणि उंची

वरची काळी, मुळं-पाला असलेली माती पूर्ण काढा आणि मूळच्या घट्ट जमिनीवर दाबलेल्या खडीचा थर द्या. पहिला थर निदान 15 सेंटिमीटर जमिनीखाली हवा. उताराच्या दिशेने भिंत जात असेल तर पाया पायऱ्यांनी खणा, तिरका नको.

कोरडी भिंत मीटर-सव्वा मीटरपर्यंत घरच्या हिमतीवर करावी. त्यावर उंची असेल, वर गाडी उभी राहणार असेल, पाण्याची टाकी किंवा घराचा पाया जवळ असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वाचवू नका. स्थानिक परवानगीची चौकशीही आधीच करा. एका उंच भिंतीऐवजी दोन टप्पे करायचे असतील, तर वरची भिंत खालचीच्या उंचीच्या निदान दुप्पट मागे घ्या. त्याहून जवळ असली तर तिचा भार खालच्या भिंतीवरच येतो.

बिघाड दिसायला लागला तर

मधोमध पोट आलं असेल, म्हणजे भिंत बाहेर फुगली असेल, तर आरपार दगड नाहीत किंवा आतली भर बसली आहे, आणि बहुधा मागे पाणीही साचतं. माथा बाहेर झुकत असेल तर तळ अरुंद आहे किंवा वर नवा भार आला आहे. तळच पुढे सरकला असेल तर पहिला थर जमिनीत पुरेसा गाडलेला नाही. सिमेंटच्या भिंतीवर उभी भेग दिसली तर पाया एका जागी खचला. पांढरे क्षार उमटले तर पाणी पाइप सोडून भिंतीतून येतंय. पाइपातून गढूळ पाणी येणं आणि मागे जमिनीत खड्डा पडणं, हे दोन्ही एकत्र दिसले तर कापड नाही किंवा फाटलंय, आणि मागची माती वाहून चाललीय.

पोट थांबलंय की वाढतंय हे आधी बघा. माथ्यावरून ओळंबा सोडून तीन-चार ठिकाणी अंतर मोजा, तारीख लिहा, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. वाढत असेल तर जॅक लावून भिंत मागे रेटू नका, समोर सिमेंटचा थर चढवू नका. दोन्हींनी मूळ कारण तसंच राहतं.

भिंत उतरवावीच लागते. कोरड्या दिवसांत, बिघडलेल्या भागाच्या दोन्ही अंगांना मीटरभर जास्त धरून, वर रुंद आणि खाली अरुंद अशी उघडा. एका वेळी छोटाच पट्टा घ्या, आणि मागची माती उभी कापलेली असेल तर तिच्या पायथ्याशी कुणालाही वाकू देऊ नका. दगड थरांच्या क्रमाने जमिनीवर मांडा. दर्शनी बाजूला खडूने खूण केली की जुळणी सोपी जाते. मागची ओली माती काढून टाका, खडी, कापड आणि पाइप घाला, तळ रुंद करा, मग वर चढा. तळ रुंद केल्यामुळे आणि काही दगड फुटल्यामुळे जुना दगड पुरत नाही. त्याच खाणीचा थोडा दगड आधीच आणून ठेवा.