छोट्या टूलमध्ये यामल घातलं आणि नॉर्वे रिकामा झाला

डॉट-एन्व्ह फाइल (प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज ठेवायची साधी फाइल) आणि तिची एक्झाम्पल फाइल ताडून बघायची, कुठली की (सेटिंगचं नाव) राहिलीय, कुठली रिकामी आहे ते सांगायचं, एवढंच माझं टूल, पायथनमध्ये जेमतेम 80 ओळी. मग इश्यू आला, "यामल पण घ्या ना", म्हणजे सेटिंग्ज लिहायचा आणखी एक फॉरमॅट. म्हटलं त्यात काय, पाययामल (यामल वाचणारी लायब्ररी) इम्पोर्ट करायचं, सेफ-लोड मारायचं, आणि खरंच एका संध्याकाळी झालं पण.

दोन आठवड्यांनी बग. एकाने कंट्री कोड एनओ लिहिलेला, म्हणजे नॉर्वे, आणि माझं टूल म्हणतंय व्हॅल्यू रिकामी आहे. बराच वेळ डोकं खाजवलं. पाययामल यामल 1.1 चे नियम पाळतं, त्यात कोट्स नसलेलं एनओ म्हणजे बूलियन फॉल्स, म्हणजे 'खोटं' (2009 च्या 1.2 मध्ये हे काढलंय, पण लायब्ररी जुन्यावरच), आणि माझा चेक होता 'इफ नॉट व्हॅल्यू', मग फॉल्स आला की रिकामंच की! रीट्राय 0 लिहिलं तरी तीच बोंब. डॉट-एन्व्हमध्ये सगळं स्ट्रिंगच असतं म्हणून तो चेक इतके दिवस चालून गेला. यामलमध्ये टाइप आले, नेस्टिंग (कीच्या आत की) आलं, लिस्ट आल्या, मग लिस्टमधली की 'राहिली' म्हणजे नक्की काय? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतंच, आणि मी मात्र काम मोजताना फक्त पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा कोड, मोजला होता.

शेवटी ज्याने यामल मागितलं होतं त्याला विचारलं, बाबा तुला करायचं काय होतं. तर त्याला सीआयमध्ये (कोड टाकला की आपोआप बिल्ड चालवणारी सोय) एखादी की राहिली तर बिल्ड फेल व्हायला हवं होतं, बस! हे आधी विचारायला काय झालं होतं मला. मग टूलला एक्झिट कोड 1 (म्हणजे 'फेल') द्यायला लावला आणि स्टँडर्ड इनपुटवरून कीजची यादी घ्यायची सोय केली, आता तो वायक्यूने (यामल वाचणारं कमांड-लाइन टूल) कीज काढून पाइप करतो. यामल मात्र एका रिलीजमध्ये वॉर्निंग देऊन पुढच्या मेजर व्हर्जनला काढलं, दोघं चिडले, साहजिक आहे, दिलेलं काढून घेतलं की चिडणारच, त्यापेक्षा आधीच नाही म्हणणं स्वस्त पडलं असतं.

नवीन असाल तर मागणी आली की लगेच एडिटर उघडू नका, मला तीच खोड आहे. परवा टॉमलचा (अजून एक सेटिंग्जचा फॉरमॅट) इश्यू आलाय. "नक्की अडलंय कुठे?" एवढंच लिहून ठेवलंय, अजून रिप्लाय नाही.