टी-शर्ट प्रिंटिंग चालू करताय? डीटीएफच्या आधी हीट प्रेस घ्या

'टी-शर्ट प्रिंटिंगचं बघतोय, डीटीएफ घेऊ का?' असं विचारणारा दर महिन्याला एक तरी भेटतो, आणि बहुतेकांनी व्हिडिओ बघून मशीन आधीच फिक्स केलेलं असतं, फक्त हो म्हणून घ्यायचं असतं. डीटीएफ म्हणजे डायरेक्ट टू फिल्म, डिझाइन आधी फिल्मवर छापायचं आणि मग हीट प्रेसने, म्हणजे तापलेल्या पाट्याच्या मशीनने, दाबून कापडावर उतरवायचं. मी उलटं विचारतो, ऑर्डरी कसल्या मिळतायत? कारण मशीन ठरतं ते कापडावरून आणि नगांवरून.

गणपती मंडळाचे किंवा गोविंदा पथकाचे दोनशे टी-शर्ट, एक-दोन रंगांत, याला स्क्रीन प्रिंटिंगच. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते म्हणून पाच-दहा पीसला ते अंगावर येतं, दोनशेला कळतही नाही. क्रिकेट टुर्नामेंटच्या जर्सीला सब्लिमेशन, शाईची वाफ होऊन रंग धाग्यातच जातो, हाताला काही लागत नाही आणि जाळीची भोकंही बुजत नाहीत. पण कापड पॉलिस्टर पाहिजे आणि तेही पांढरं नाहीतर फिकं, कारण या शाईत पांढरा रंगच नसतो. कॉटनवर मारलं की धुण्यात गेलंच. एम्ब्रॉयडरी मशीनच्या नादाला सुरुवातीला लागूच नका, पोलोवरचे लोगो बाहेरून भरून आणा.

आता डीटीएफ. कॉटन असो पॉलिस्टर असो, काळं असो पांढरं असो, सगळ्यावर चालतं, एका पीसलाही परवडतं, म्हणून सगळे भुलतात. पण त्यातली पांढरी शाई! तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जड, तळाला बसतं, मशीन काही दिवस बंद राहिलं की नोझल चोक आणि मग हेड बदलायचा खर्च, तो विचारूच नका. म्हशीसारखं आहे ते, दूध विको न विको, वैरण रोज घालायचीच. रोजचं काम हातात नसेल तर घेऊ नका.

त्यापेक्षा हीट प्रेस घ्या. डीटीएफ प्रिंट बाहेरून मीटरवर छापून मिळतात, तुम्ही फक्त प्रेसने लावायचे, फिल्मची रुंदी साधारण 24 इंच, त्यात छोटे-मोठे लोगो खेटून बसवायचे म्हणजे फिल्म वाया जात नाही. 15 बाय 15 इंचाचा प्रेस स्वस्त पडतो, पण पाठीवर नाव-नंबर मोठा आला की दोनदा दाबावं लागतं, जमत असेल तर 16 बाय 24 बघा. घेताना दुकानातच चारही कोपऱ्यात कागदाच्या पट्ट्या ठेवून, प्रेस थंड असताना, बंद करा आणि ओढून बघा. एखादी पट्टी सहज सुटली तर तिथे प्रेशर कमी, त्या कोपऱ्यातलं प्रिंट पुढे सुटणार. डिस्प्लेवर 160 डिग्री दिसलं म्हणजे कडेलाही तेवढंच असेल असं नाही, इन्फ्रारेड गन मारून बघा. आणि घरी 6 अँपिअरच्या प्लगला किंवा एक्स्टेंशन बोर्डला लावू नका, 16 अँपिअरचा पॉइंट काढून घ्या.

लाल किंवा मरून पॉलिस्टर जर्सीवर पांढरा डीटीएफ नंबर लावायचा असेल तर जरा थांबा. गरमीने कापडाचाच रंग वर चढतो, देताना पांढराशुभ्र असलेला नंबर दुसऱ्या दिवशी गुलाबी! टेंपरेचर कमी ठेवा, छापून देणाऱ्याकडून ब्लॉकर पावडरवाली, म्हणजे कापडाचा रंग वर येऊ न देणारी फिल्म मागा, आणि एक पीस रात्रभर ठेवून मगच बाकीचे मारा. पावसाळ्यात टी-शर्ट आधी पाचेक सेकंद नुसता दाबून घ्या, दमटपणा निघून जातो, नाहीतर प्रिंट नीट धरत नाही.

पैशाचं म्हणाल तर सरकारच्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं, छोटा प्रेस आणि थोडा कोरा माल त्यात सुरू करायला हरकत नाही.

पुढे रोजचं काम वाढून डीटीएफ घ्यायची वेळ आली तर डीलरच्या डेमोला स्वतःचा टी-शर्ट आणि स्वतःचीच फाइल घेऊन जा, त्यांचं ठेवणीतलं चकचकीत डिझाइन नको. छापलेला पीस घरी आणून पाच-सहा वेळा धुवा, ताणून बघा. आणि सर्व्हिसचा माणूस तुमच्या शहरात आहे का दिल्लीहून येणार, हे अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी विचारा.