संसदेतल्या बिलामागे कुठला पक्ष काय करतोय, हे गावात बसून कसं शोधायचं

जमीन, जंगल, बंदर, मासेमारी, कोकणातल्या माणसाच्या पोटाशी संबंध असलेले कायदे दिल्लीत होतात आणि आपल्याला कळतात ते पास झाल्यावर. मग जेटीवर, एसटी स्टँडवर चर्चा, खासदार गप्प का बसला. मला ही चर्चा उशिरा होते याचंच जास्त वाईट वाटतं, कारण संसदेत बिलावर मतदान होतं त्या दिवशी फार कमी गोष्टी ठरतात, बाकीचं पक्षांनी आधीच ठरवलेलं असतं. मी जसं बघतो तसं सांगतो, मोबाईल आणि थोडा वेळ एवढंच लागतं.

सगळ्यात आधी, ज्यावरून गावात वाद चाललाय ते खरंच बिल आहे का ते बघा. सीआरझेड घ्या. भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर बांधकाम चालेल हे ठरवणारी 2019 ची अधिसूचना संसदेत मतदानाने पास झालेली नाही, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्राच्या पर्यावरण खात्याने काढलेली आहे. अशा वेळी पक्षाचं वजन मंत्र्यामार्फत चालतं, म्हणून मसुदा लोकांसमोर येतो तेव्हाच हरकत पाठवायची.

बिल असेल तर संसद डॉट इन या साईटवर जा, नाव टाका आणि ते कोणी मांडलंय ते बघा. मंत्र्याने मांडलं तर सरकारी, बाकी कुठल्याही खासदाराने मांडलं तर खासगी. खासगी बिलं शुक्रवारी दुपारनंतर चर्चेला येतात आणि आजवर फक्त 14 पास झालीत, शेवटचं 1970 साली. पण म्हणून ती फुकट असतात असं मला अजिबात वाटत नाही. आपले बॅरिस्टर नाथ पै, वेंगुर्ल्याचे, राजापूरचे खासदार, प्रजा समाजवादी पक्षाचे म्हणजे विरोधी बाकावरचे, त्यांनी 1967 मध्ये मूलभूत हक्कांच्या भागातही दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला असावा असं खासगी बिल मांडलं, ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपर्यंत गेलं पण पास झालं नाही. नाथ पै जानेवारी 1971 मध्ये गेले आणि त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने 24 वी घटनादुरुस्ती करून जवळपास तेच आणलं. विचार एकाचा, पण कायदा झाला तो ज्या पक्षाकडे आकडा होता त्याच्या हातून.

यानंतरची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, बिल तपासायला खासदारांच्या कुठल्या समितीकडे गेलं (किंवा गेलंच नाही) ते बघणं. खात्यांशी जोडलेल्या 24 स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत 31 खासदार, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. 2023 चं वनसंवर्धन दुरुस्ती बिल आठवा, सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तर आठवायलाच हवं. पर्यावरणाच्या स्थायी समितीचे अध्यक्ष तेव्हा काँग्रेसचे जयराम रमेश होते. बिल त्यांच्याकडे न जाता वेगळ्या संयुक्त समितीकडे गेलं, जिचे अध्यक्ष भाजपचे होते, रमेश यांनी हरकत घेतली, पण समितीने एकही बदल न सुचवता बिल परत पाठवलं. काही सदस्यांनी विरोधी टिपणं जोडली, ती अहवालाच्या शेवटी असतात. मी कुठलाही समितीचा अहवाल शेवटाकडून वाचायला घेतो, कोण कुठल्या कलमावर अडलं ते तिथेच सापडतं.

समितीवर जोर द्यायचं अजून एक कारण, पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, सभागृहातल्या मतदानाला लागतो, समितीत लागत नाही. समितीने जाहिरात देऊन सूचना मागवल्या की मच्छीमार सोसायटीने, ग्रामपंचायतीने हिंदी किंवा इंग्रजीत निवेदन पाठवावं, मुदत बरेचदा पंधरा दिवसांच्या आसपास असते म्हणून ठराव करायला पुढच्या मीटिंगची वाट बघू नका.

आता व्हिप. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे खासदाराने पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिला आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही तर खासदारकी जाऊ शकते. आदेशाखाली तीन रेषा मारलेल्या असतील (थ्री-लाइन व्हिप) तर हजर राहायचं आणि पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं, एवढा कडक. बोलायचा वेळसुद्धा पक्षाच्या ताकदीप्रमाणे वाटला जातो आणि कोणी बोलायचं ती नावं पक्ष देतो, त्यामुळे आपला खासदार बोलला नाही म्हणजे त्याला काही म्हणायचंच नव्हतं असा अर्थ लगेच काढू नका.

पक्ष अडला की काय होतं याचं उदाहरण 2015 चं भूसंपादन बिल. मोदी सरकारने 2013 च्या कायद्यातल्या जमीनमालकांच्या संमतीच्या अटी काही प्रकल्पांसाठी काढायला अध्यादेश आणला, लोकसभेत बिल पास केलं, पण मित्रपक्ष शिवसेना मतदानापासून लांब राहिली. तेव्हा रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग दोन्हीकडचे खासदार शिवसेनेचेच, आणि रायगडचे अनंत गीते तर केंद्रात मंत्री होते! राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं, बिल संयुक्त समितीत अडकलं आणि ऑगस्टअखेर अध्यादेश संपू दिला. म्हणून दोन्ही सभागृहांतले आकडे वेगवेगळे बघा. फक्त धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी पैशाबद्दलचं बिल, असेल तर राज्यसभा 14 दिवसांपलीकडे अडवू शकत नाही.

मतदान झाल्यावर ते आवाजी होतं की मतविभागणी झाली ते तपासा. आवाजी असेल तर कोणी काय मत दिलं याची नोंद नसते, मतविभागणी असेल तर सगळी नावं चर्चेच्या छापील नोंदीत मिळतात.

खासदाराला लिहायचं ते व्हिप निघायच्या आधी. बिलाचं नाव, नंबर, कुठलं कलम आणि त्याने तुमच्या गावात नेमकं काय बदलेल एवढंच, एका पानात. अधिवेशन चालू असताना खासदार बरेचदा शनिवार-रविवारी मतदारसंघात येतात, म्हणून शुक्रवारी मेल टाका आणि शनिवारी सकाळी पत्राची प्रिंट घेऊन त्यांच्या ऑफिसला जाऊन पोच घ्या.