विंडोज ११ टाकल्यावर बॅटरी बसली? नवी आणण्याआधी या चुका टाळा

"कालपर्यंत तीन घंटे चालत होता ना भाऊ. अपडेट मारलं अन् आता दीड घंटाई चालत नाही."

२०२५ च्या दिवाळीपासून माझ्या सेवा केंद्रात ही तक्रार सारखी येते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची साथ सोडली. मग आमच्या यवतमाळकडच्या गावांत शाळेचे गुरुजी, ग्रामपंचायतीचा ऑपरेटर, भरतीचा अभ्यास करणारी पोरं, सगळ्यांच्या लॅपटॉपवर ११ चढू लागलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी आठवडाभरात बॅटरीला दोष दिला.

एका मुलीचा लॅपटॉप मला विसरता येत नाही. बापाने कापूस विकून तिला जुना लॅपटॉप घेऊन दिला होता. ११ टाकल्यावर तो निम्म्या वेळात बंद पडू लागला. तालुक्याच्या एका दुकानात तिला बॅटरी गेली म्हणून सांगितलं आणि बावीसशे रुपयांची नवी बसवून दिली. घरी आल्यावर परत तोच दीड तास. ती माझ्याकडे आली तेव्हा स्क्रीन डोळ्यांवर येईल इतकी लख्ख होती आणि उजेड कमी करायची पट्टी हलतच नव्हती. बिघाड बॅटरीत नव्हता, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये होता. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर. तो टाकल्यावर लॅपटॉप पुन्हा पहिल्यासारखा चालायला लागला. तोवर जुनी बॅटरी दुकानात राहिली होती आणि पैसे गेले होते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली चूक: न मोजता निदान करणे

बॅटरीत वीज किती मावते आणि लॅपटॉप ती किती वेगाने पितो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपग्रेडनंतर बदलते ती बहुतेक वेळा दुसरी.

समजा बॅटरी नवी असताना तिच्यात ४२ वॅट-तास (साठवलेल्या विजेचं माप) मावत होते आणि वापरून वापरून आता २४ मावतात. लॅपटॉप ८ वॅट खात असेल तर २४ भागिले ८, म्हणजे तीन तास. अपग्रेडनंतर मागे दहा कामं सुरू झाली, स्क्रीनचा उजेड वाढला आणि खाणं १६ वॅटवर गेलं, की त्याच बॅटरीवर दीड तास. बॅटरी तीच आहे, खर्च दुप्पट झाला.

थकलेल्या बॅटरीची आणखी एक खोड असते. तिच्यावर अचानक भार पडला की व्होल्टेज एकदम खाली येतं, आणि पडद्यावर ३० टक्के दिसत असतानाही लॅपटॉप धप्पकन बंद होतो. असं झालं तर लोकांना वाटतं ११ ने बॅटरी खाल्ली. खरं तर ती आधीच थकलेली होती, ११ च्या भाराने ते उघडं पडलं.

हे ओळखायला एक रुपया लागत नाही. स्टार्टच्या शोधात सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजीत पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही अक्षरं सलग लिहा, एक जागा सोडा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा शब्द इंग्रजीतच, मध्ये जागा न सोडता लिहा. एंटर दाबलं की फाइल कुठे तयार झाली तो पत्ता तिथेच दिसतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात दोन आकडे पाहा. डिझाइन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघताना मावत होती तेवढी वीज आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज मावते तेवढी. आकडे मिलिवॅट-तासांत असतात, म्हणून ४२,००० आणि २४,००० असे दिसतील. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा खाली असेल तर बॅटरी खरंच म्हातारी झाली आहे. ७०-८० टक्के असेल तर बॅटरीला हात लावू नका, चोर दुसरीकडे आहे. ज्यांनी अजून अपग्रेड केलं नाही त्यांनी हा रिपोर्ट आधीच काढून पेनड्राइव्हवर ठेवावा. नंतर भांडायला आपल्या हातात आकडा राहतो.

पहिल्या दोन दिवसांत निकाल लावणे

नवी विंडोज बसल्यावर ती सगळ्या फाइलींची शोधसूची नव्याने बनवते, अँटिव्हायरस तपासणी करते, राहिलेले अपडेट ओढते, वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर फोटोही वर चढवत बसते. पंखा फिरतो, लॅपटॉप तापतो, बॅटरी उतरते. शहरात लॅपटॉप रात्रभर चार्जरला आणि वायफायला जोडलेला असतो, तिथे हे एक-दोन दिवसांत आटोपतं.

आपल्याकडे ते लांबतं आणि हा मुद्दा कोणी सांगत नाही. विंडोजची स्वयंचलित देखभाल लॅपटॉप चार्जरला लागलेला आणि रिकामा असतानाच चालते. आपल्याकडे लाईन आली की आपण लॅपटॉपवर कामाला बसतो, लाईन गेली की बॅटरीवर काम करतो आणि काम झालं की बंद करून ठेवतो. देखभालीला मोकळा वेळ मिळतच नाही. त्यात इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. अर्धं डाउनलोड होतं, तुटतं, पुन्हा सुरू होतं. असा लॅपटॉप दहा दिवससुद्धा धापा टाकत राहतो.

उपाय साधा आहे. अपग्रेड झाल्यावर दोन रात्री लॅपटॉप चार्जरला लावून, चालू ठेवून, नेट जोडून तसाच सोडा. सेटिंगमध्ये तो झोपी जाण्याची वेळ तेवढ्यापुरती 'कधीच नाही' करा. घरी लाईनचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर असलेल्या नातेवाइकाकडे ठेवा. त्यानंतर सेटिंग, सिस्टीम, पॉवर अँड बॅटरी इथे जाऊन कोणतं ॲप किती बॅटरी खातं ते पाहा. २४ तासांचा आणि ७ दिवसांचा हिशेब तिथे मिळतो.

याच घाईतली दुसरी चूक म्हणजे जागा मोकळी करायची म्हणून डिस्क क्लीनअपमधून जुनी विंडोज पुसून टाकणे. अपग्रेड झाल्यापासून १० दिवस तुम्ही सेटिंगमधल्या रिकव्हरीतून विंडोज १० वर परत जाऊ शकता. ती जुनी विंडोज पुसली की परतीचा रस्ता बंद. आणि परत गेलात तरी उघड्यावर पडत नाही. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं.

ज्यांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा आहे आणि कोणीतरी चोरवाटेने ११ बसवून दिलं आहे, त्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे: परत जा. मायक्रोसॉफ्टच्या यादीत ती यंत्रं जवळजवळ नाहीतच, त्यांचे ड्रायव्हर नीट बसतीलच असं नाही. चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपवर ११ बसत असलं तरी डिस्क दिवसभर खडखडत राहते आणि बॅटरी तिच्यातच संपते. अशा यंत्राला नव्या बॅटरीपेक्षा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) लावणं जास्त शहाणपणाचं.

बिघाड नसलेल्या गोष्टीला बिघाड समजणे

"चार्जिंग ८० च्या पुढे जातच नाही." काही लेनोव्हो लॅपटॉपांवर तर ६० ला थांबतं. हे बहुतेक वेळा मुद्दाम केलेलं असतं. लेनोव्होत त्याला कॉन्झर्वेशन मोड म्हणतात, असूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, डेल आणि एचपीत असाच पर्याय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारं यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर) किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असतो. लिथियम बॅटरी सतत शंभरावर ठेवली की लवकर झिजते, म्हणून ही सोय. अपग्रेडच्या आसपास कंपनीचं ॲप नव्याने बसलं की हा पर्याय कधी चालू होतो, कधी बंद. दिवसभर चार्जरवर काम करत असाल तर ८० वरच राहू द्या. उद्या लाईन जाणार हे माहीत असेल तर आदल्या रात्री तो काढून शंभर करून घ्या.

मे महिन्यातली तक्रार वेगळी: प्लग लावला आहे तरी चार्ज होत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. अनेक लॅपटॉपांत बॅटरी फार तापली की चार्जिंग आपोआप थांबतं. ते तिला वाचवण्यासाठी असतं. यंत्र बंद करा, सावलीत थंड होऊ द्या, मग लावा.

व्होल्टेज कमी आहे म्हणून चार्ज होत नाही, असंही गावात ऐकायला मिळतं. चार्जरच्या डबीवरचं लेबल वाचा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या १७० ला तो चालतो. भीती लाईन परत येतानाच्या झटक्याची धरा. लाईन गेली की प्लग काढा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा.

ड्रायव्हर कुठूनही उचलणे

स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होत नाही ही खूण लक्षात ठेवा. डिव्हाइस मॅनेजर (यंत्राच्या सगळ्या भागांची यादी) उघडून डिस्प्ले अडॅप्टरखाली पाहा. तिथे इंटेल किंवा एएमडीचं नाव न दिसता 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं, तर खरा ड्रायव्हर बसलेला नाही. स्क्रीन पूर्ण उजेडात जळते आणि चित्र काढायचं काम प्रोसेसरच्या बोकांडी बसतं. त्या मुलीचं हेच झालं होतं. विंडोज अपडेटमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात ऑप्शनल अपडेट, तिथे ड्रायव्हर मिळतो. नाही मिळाला तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून घ्या. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका. ती स्वतःच मागे चालत राहून बॅटरी खातात आणि भलता ड्रायव्हर बसवतात.

बॅटरी दिसतच नसेल तर आधी हे करा: लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा, मग चार्जर लावून सुरू करा. तरी नाही दिसली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज या गटातला 'एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. विंडोज तो स्वतः परत बसवते.

बायोस अपडेटबद्दल मात्र हात जोडून सांगतो. बॅटरी मेलेली असताना आणि लाईनचा नेम नसताना ते कधीच करू नका. मध्ये वीज गेली तर लॅपटॉप कायमचा बंद पडू शकतो, मग मदरबोर्डच्या दुरुस्तीवर जातं. बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, दोन्ही असेल तरच हात घाला.

झाकण मिटलं म्हणजे बंद झाला असं धरणे

नव्या लॅपटॉपांत झाकण मिटल्यावर यंत्र फोनसारखं अर्धजागं राहतं. पिशवीत घालून, गाडीला अडकवून तालुक्याला जाईपर्यंत ते आतल्या आत तापतं आणि बॅटरी उतरते. अपग्रेडमध्ये जुनी पॉवर सेटिंग बदलली असेल तर हे नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जा, झाकण मिटल्यावर काय करायचं ते निवडा आणि बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट (काम डिस्कवर साठवून यंत्र बंद होणं) ठेवा. उन्हाळ्यात डिकीत लॅपटॉप नेऊच नका.

घरातही जागा बघा. बाजेवर गादीत रुतवून ठेवला की खालची जाळी बंद होते. कूलरच्या थेट झोतात ठेवला की ओली हवा आत जाते. कूलरच्या खोलीत पण बाजूला, पाटावर किंवा टेबलावर, एवढंच पुरे.

आणि बॅटरी खरंच घ्यावी लागली तर

रिपोर्टने सांगितलं की बदला, तर बदला. फक्त जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॅट-तास लिहून घेऊन जा. बिल घ्या, गॅरंटी बिलावरच लिहून घ्या. बसवल्याबरोबर दुकानातच तोच बॅटरी रिपोर्ट काढा. नवी म्हणून विकलेल्या बॅटरीत फुल चार्जचा आकडा डिझाइनपेक्षा बराच कमी दिसला तर तिथेच परत करा. "पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, रोज शून्यावर आणा" हा सल्ला जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियमला रोज शून्यावर आणणं नुकसानीचं. टक्केवारी भलतीच दाखवत असेल तर एकदा शंभरावरून पूर्ण उतरवून परत भरा, तेही क्वचितच.

टचपॅड वर उचललेला, क्लिक होत नाही, खालचं झाकण फुगलेलं, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो: ही बॅटरी फुगली आहे. अशा वेळी अपग्रेड, ड्रायव्हर, काहीही पाहत बसू नका. लगेच बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. टोचू नका, दाबू नका, उकिरड्यावर टाकू नका, कारण तिथे ती पेट घेऊ शकते आणि गुरं-पोरं तिथेच फिरतात. दुरुस्त करणाऱ्याकडून ती काढून घ्या. भारतात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत, त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करून जमा कुठे करायची ते विचारा. तोवर ती घराबाहेर, सावलीत, रेती भरलेल्या घमेल्यात ठेवा, कडबा आणि कापसापासून लांब.